समोरचे सहा दात

काडी आमच्या लॅबमध्ये तीन वर्षं होते. 'होते' म्हणतेय, 'होता' नाही, कारण त्यांनीच तसं सांगितलं होतं, आणि पुढचं सगळं त्या एका मात्रेवरून पेटलं.

आमची लॅब कवळ्या बनवते. दातांचे डॉक्टर रुग्णाच्या तोंडाचं माप पाठवतात. आम्ही प्लास्टरचा जबडा ओततो, त्यावर मेणाची हिरडी चढवतो आणि मेणात एकेक दात बसवतो. ते मेण डॉक्टरांकडे जातं, रुग्णाच्या तोंडात घालून बघितलं जातं, आणि पसंत पडलं की आमच्याकडे परत येतं. मग मेणाच्या जागी पक्की कवळी तयार होते. एका लांबट खोलीत चार टेबलं होती. खिडकीजवळचं मास्तरांचं, त्यांनी आम्हा सगळ्यांना काम शिकवलं म्हणून ते मास्तर. मधली दोन माझं आणि काडींचं, समोरासमोर. दाराशी मशीनवर कवळ्या घासून चमकवणारा घाशा. मालकीणबाई काचेच्या केबिनमध्ये. काडी हे नाव मास्तरांनीच ठेवलेलं, अंगकाठीवरून. सगळे त्यांना 'तो' म्हणायचे, मीही.

आम्ही दोघं रोज एका डब्यातून खायचो. एका दुपारी मी म्हटलं, "तू कधी 'मी आलो' म्हणत नाहीस. 'मला यायला उशीर झाला' म्हणतोस. 'मी खाल्लं', 'मी करीन', 'मला जायचंय'. पण आलो, गेलो, बसलो, हे नाहीच."

काडींनी घास खाली ठेवला. "तीन वर्षं लागली तुला."

मग त्यांनी सांगितलं. फार लांबण लावली नाही. मी पुरुष नाही, म्हणाले. बाईही नाही. कधी कळलं विचारशील तर शाळेत, मुलांची रांग इकडे, मुलींची तिकडे, तेव्हा. दोन्ही रांगांत खोटं उभं राहिल्यासारखं वाटायचं. 'आलो' म्हणताना अजून तसंच वाटतं, म्हणून तो शब्दच येणार नाही अशी वाक्यं जुळवायची सवय लागली.

"मग आम्ही काय म्हणायचं?"

"ते म्हण. ते आले, ते गेले. आणि मला तुम्ही."

"तुम्ही? आपण एका डब्यात जेवतो."

"'तू' म्हटलंस की पुढे 'आलास' नाहीतर 'आलीस' लावावं लागतं. 'तुम्ही' म्हटलं की 'आलात', सुटका."

"पण 'ते आले' म्हणजेही पुरुषच की."

"हो. पण बायका-पुरुष मिळून आले तरी आपण 'ते आले' असंच म्हणतो. जे आहे त्यात हेच कमी टोचतं. आणि हे सध्या तुझ्याजवळ ठेव."

मी हो म्हटलं. खरं सांगायचं तर मला ते लागलं होतं. मला बहीण नाही, भाऊ नाही. काडींना 'अरे' म्हणून हाक मारायची मला सवय होती, आणि ती एका दुपारीत काढून घेतल्यासारखी वाटली. त्यांनी माझ्यावर एवढा विश्वास टाकला हे मला दिसलंच नाही. चौथ्या दिवशी घाशा चहा पिताना काडींच्या बोलण्याची नक्कल करत होता, आणि मी हसता हसता बोलून गेले, "अरे, त्याला आता 'तुम्ही' म्हणायचं असतं, माहितीये?" मग पुढचंही सांगितलं. सगळं. घाशाच्या पोटात काही राहत नाही हे मला ठाऊक होतं.

दुसऱ्या दिवशी काडी आत आले तर घाशा मशीन बंद करून उभा राहिला आणि कमरेत वाकला. "या, या. ते आले."

काडींनी माझ्याकडे बघितलं. मी मेण वितळवायला घेतलं.

जेवणाच्या सुट्टीत त्यांनी स्वतःच विषय काढला. उघडं पडलंच आहे तर नीट पडू दे, असं काहीसं म्हणाले, आणि मला सांगितलं होतं ते सगळ्यांना सांगितलं. आवाज कापत होता, पण थांबले नाहीत. सांगून झाल्यावर पहिल्यांदा बोलले ते मास्तर.

"अठ्ठावीस वर्षं मी या खुर्चीत झिजलो. मालकीणबाईंचे वडील मला 'ए' म्हणून हाक मारायचे. 'मास्तर' व्हायला मला अर्धं आयुष्य लागलं. आणि तू, काल आलेला पोरगा, आम्हाला सांगणार मला अहोजाहो करा?"

"मान नकोय मला, मास्तर. चुकीचं काही नको, एवढंच."

"चुकीचं? तीन वर्षं तुला चिमटा धरायला शिकवला, तेव्हा नव्हतं काही चुकीचं."

"तेव्हाही होतं. तेव्हा बोलायची हिंमत नव्हती."

"मग आत्ताही नसती तर बरं झालं असतं," मास्तर म्हणाले आणि डबा बंद करून उठले. त्यांना मनापासून अपमान वाटला होता, हे मला दिसत होतं. त्यांच्या मते कोणीतरी रांग मोडून पुढे घुसत होतं.

त्या दिवसापासून खोलीची हवाच बदलली. घाशाने युक्ती काढली. "'ते' म्हणायचंय ना? म्हणतो की." आणि तो म्हणू लागला, ते आलं, ते बसलं, त्याला पाणी पाहिजे का विचारा. गोठ्यातल्या वासराबद्दल बोलावं तसं. मास्तर काडींशी थेट बोलेनासे झाले, काडींच्याच टेबलासमोर उभं राहून मला सांगायचे, "त्याला म्हणावं, खालचा जबडा आज संपव." एका सकाळी काडींच्या टेबलावर प्लास्टरचा एक जबडा ठेवलेला होता. वर काळ्या रंगाने मिशी काढलेली, खाली लालीने ओठ काढलेले. काडींनी तो उचलला, पाण्याखाली धरला आणि ब्रशने घासत बसले. लाली निघाली, मिशी निघेना. तसाच त्यांनी तो कचऱ्यात टाकला आणि कामाला लागले.

मालकीणबाईंकडे ते एकदा गेले होते. काचेतून मला बाईंचे ओठ हलताना दिसले, आणि काडी दोन मिनिटांत बाहेर आले. बाई काय म्हणाल्या ते त्या नंतर सगळ्यांसमोर पुन्हा म्हणाल्याच: "तुमचं आपसातलं आपसात बघा. डॉक्टरांना कवळी वेळेवर हवी असते, बाकी मला काही ऐकायचं नाही."

मी काय करत होते? मी 'काडी' म्हणत होते. काडी, ब्रश द्या. काडींचं झालं का. 'तो' नाही, 'ते' नाही. मास्तरांशी वाकडं नको आणि काडींशीही नको. डबे आता वेगवेगळे होते.

मग त्या आजींचं काम आलं.

त्या एका शाळेच्या मुख्याध्यापिका होत्या, निवृत्त झालेल्या. तोंडाचं पार बोळकं झालेलं. डॉक्टरांनी मापाबरोबर त्यांचा तिशीतला फोटो पाठवला होता. फोटोत त्या मान मागे टाकून हसत होत्या आणि समोरचे दात चांगले रुंद, चौकोनी, पाटीसारखे सपाट होते. आमच्याकडे प्रत्येक कामाच्या फॉर्मवर स्त्री की पुरुष अशी चौकट असते, आणि मास्तरांचा नियम ठरलेला: पुरुषाला रुंद चौकोनी दात, बाईला लहान, कडा गोलावलेले. समोरच्या सहा दातांच्या पट्ट्या कपाटात दोन वेगळ्या खणांतच ठेवलेल्या असतात. काडींनी फोटो टेबलावर उभा केला आणि चौकोनी खणातली पट्टी काढली. दोन दिवस त्या सहा दातांवर घालवले. एक दात किंचित पुढे, शेजारचा किंचित तिरका, फोटोत होता तसा.

मेण डॉक्टरांकडे जाऊन आलं ते चिठ्ठी घेऊन. "आजींनी आरशात बघितलं आणि रडल्या. काही बदलू नका." काडींनी चिठ्ठी दोनदा वाचली. कित्येक दिवसांनी त्यांच्या चेहऱ्यावर काही हललं. चिठ्ठी त्यांनी कामाच्या डब्यातच ठेवली.

दुसऱ्या दिवशी काडींची रजा होती. मेण साच्यात बंद करायचं होतं, ते मास्तरांनी हातात घेतलं. डबा उघडला, चिठ्ठी वाचली, फॉर्मवरची चौकट बघितली. मग सुरी तापवली आणि समोरचे सहाही दात एकेक करून मेणातून उपटले.

"मास्तर, डॉक्टरांनी पसंत केलंय ते."

"बाईच्या तोंडात पुरुषी दात बसवलेत त्याने. स्वतःच्या डोक्यातला घोळ आता रुग्णाच्या तोंडात घालणार का? तू तुझं काम बघ."

त्यांनी गोल कडांच्या खणातली पट्टी काढली आणि सहा दात बसवले. सुरेख बसवले, हे कबूल करायला हवं. त्यांच्या हातात जादू आहेच. घाशा बघत होता. मी बघत होते. चिठ्ठी मास्तरांनी चुरगळून खिशात घातली. त्या संध्याकाळी घरी मी नवऱ्याला सगळं सांगितलं. तो म्हणाला, "तू कशाला मध्ये पडतेस?" मला हेच ऐकायचं होतं, म्हणून तर त्याला विचारलं होतं.

सहाव्या दिवशी डॉक्टर स्वतः कवळी घेऊन आले. त्यांनी ती मालकीणबाईंच्या टेबलावर ठेवली. आजींनी ती तोंडात घातली, आरशात बघितलं आणि काढून ठेवली होती. हे कोणाचंतरी दुसऱ्याचं तोंड आहे, म्हणाल्या, आणि पुन्हा आरशात बघायला तयार नव्हत्या. बाईंनी आम्हाला आत बोलावलं. फॉर्मवर कारागिराच्या जागी काडींची सही होती.

"हे तुझं काम?" बाईंनी विचारलं.

काडींनी कवळी हातात घेतली, खिडकीकडे धरली. "मागचे दात माझे. समोरचे सहा माझे नाहीत."

"मग काय आपोआप उगवले?" घाशा म्हणाला.

"मी चौकोनी बसवले होते. चिठ्ठीही आली होती, काही बदलू नका म्हणून."

"कुठे आहे चिठ्ठी?"

"डब्यात ठेवली होती," काडी म्हणाले. मास्तर भिंतीला टेकून उभे होते, हात मागे. ते म्हणाले, "डोकं ठिकाणावर नसलं की असं होतं, बाई. मी महिनाभर बघतोय."

ते खोटं इतक्या शांतपणे बोलले, की मला राहवलं नाही. मास्तर खडूस होते, पण कामाच्या बाबतीत मी त्यांना कधी खोटं बोलताना ऐकलं नव्हतं. मी म्हटलं, "मास्तरांनी बदलले. माझ्यासमोर. चिठ्ठी वाचून बदलले. त्याची काही चूक नाही, त्याने बरोबर बसवले होते."

काडींनी माझ्याकडे बघितलं तेव्हा मला कळलं मी काय म्हणाले. त्याची. त्याने. दुरुस्त करायला तोंड उघडलं, पण मास्तर माझ्याकडे असे बघत होते की मी ते तसंच मिटलं.

डॉक्टरांना फक्त कवळी हवी होती. बाईंनी त्यांना चार दिवसांत नवीन देण्याचं कबूल केलं, ते गेले. मग त्या मास्तरांना म्हणाल्या, "विचारून करायचं होतंत." बस्स, एवढंच. आणि काडींकडे वळल्या. "तू ही पुन्हा कर. आणि हे बघ, हे सगळं सुरू कशावरून झालं ते मला माहीत आहे. उद्यापासून ते 'ते' वगैरे बंद. इथे काम करायचं तर सगळ्यांसारखं राहायचं."

"कवळी करून देईन," काडी म्हणाले. "ती त्या आजींची आहे. त्यानंतर मी इथे नसेन."

"जशी मर्जी."

चार दिवस त्यांनी मान वर केली नाही. मेणापासून घासकामापर्यंत सगळं स्वतः केलं, मशीनवर घाशाला हातही लावू दिला नाही. मी एकदा पाणी नेऊन दिलं आणि हळूच म्हटलं, "बाईंसमोर माझ्या तोंडून चुकीचं गेलं."

"बाईंसमोर नाही," ते म्हणाले. "घाशासमोर गेलं होतं. महिन्यापूर्वी." पाणी टेबलावर तसंच राहिलं. कवळी डब्यात घालून त्यांनी बाईंच्या केबिनमध्ये ठेवली आणि कोणाचा निरोप न घेता गेले.

पुढच्या आठवड्यात त्यांची ताई आली, हत्यारं न्यायला. धिप्पाड बाई, हातात कापडी पिशवी. मी खणातून एकेक काढून देत होते: चिमटे, मेणाच्या सुऱ्या, उंटाच्या केसांचा ब्रश. मास्तर खिडकीकडे तोंड करून काम करत राहिले.

"आणखी काही आहे का त्याचं?" ताईने विचारलं.

मी म्हटलं, "त्यांचं. त्यांना ते म्हटलेलं आवडतं."

ताईने पिशवीचे बंद आवळले. मग माझ्याकडे नीट बघितलं, पायापासून डोक्यापर्यंत.

"तूच ना ती, समोर बसणारी? घरात बत्तीस वर्षं मी 'तो' म्हणत आलेय. आता दिवसातून दहा वेळा चुकते, दहा वेळा माफी मागते, आणि आम्ही दोघंही वैतागतो. पण मी चुकते ती आमच्या स्वयंपाकघरात. मी बाजारात जाऊन सांगून आले नाही. तू मला शिकवू नकोस."

मी रिकामा खण ढकलून बंद केला.

"नवीन ठिकाणी लागलंय काम," ती जाता जाता म्हणाली. "कुठे ते मी सांगणार नाही. शोधू नकोस."

ती गेल्यावर मास्तर माझ्या टेबलाजवळ आले. मला वाटलं, काही बोलतील. ते घाशाकडे बघून म्हणाले, "हिला म्हणावं, वरचा जबडा आज संपव."

त्या दिवसापासून ते माझ्याशी थेट बोलत नाहीत. मी अजून तिथेच काम करते. समोरच्या टेबलावर कोणी नवीन आलेलं नाही.