यॉर्डिसचा वरचा सूर

"म्हणजे माझा पंखा एकदा इकडे फिरेल अन् एकदा तिकडे?" फाबियाननं विचारलं.

आमच्या खलाशीघराच्या, म्हणजे म्हाताऱ्या खलाशांच्या आश्रमाच्या, स्वयंपाकघरात सीग्वार्ड आलीन टेबलाखाली गुडघ्यांवर बसला होता. बटाटे सोलायच्या यंत्राची मोटर तपासत होता. डोकं बाहेर न काढताच तो म्हणाला, "नाही फिरणार."

"पण नवी वीज उलटसुलट वाहते ना? तूच परवा म्हणालास."

"वाहते. पण तुझ्या पंख्यात चुंबकं दोन. एक जागेवर बसलेलं, एक फिरणारं. वीज उलटली की दोन्ही एकदम उलटतात. समोरासमोर राहणाऱ्या दोन भांडकुदळ बायकांनी एकाच दिवशी घरांची अदलाबदल केली, तर भांडण बदलतं का?"

"बायकाच कशाला?" मी चुलीपाशी उभी होते, तिथून म्हणाले. "बाप्ये भांडत नाहीत वाटतं?"

"बाप्ये घर बदलत नाहीत, गुनवोरबाई. त्यांना सामान हलवायचा कंटाळा." एवढं बोलून तो पुन्हा मोटरीत शिरला.

युद्ध संपून दहा-बारा वर्षं झाली होती तेव्हाची ही गोष्ट. आमच्या बंदराच्या चढावरच्या जुन्या गल्ल्यांत अजून डीसी वीज होती आणि शहराच्या नव्या भागात एसी आली होती. आम्ही आपले जुनी वीज, नवी वीज म्हणायचो. गल्ली गल्ली करत नवी वीज आमच्याकडे सरकत होती आणि तिच्या पुढे पुढे सीग्वार्ड चालत होता. प्रत्येक घरात शिरायचं, जेवढ्या म्हणून मोटरी असतील तेवढ्या उघडून बघायच्या, कुठली चालेल आणि कुठली बदलावी लागेल ते सांगायचं. वीज कंपनीत त्याची उमर याच कामात गेली. त्याच्याबरोबर लागलेले लोक साहेब होऊन खुर्च्यांवर बसले आणि हा मात्र लोकांच्या टेबलांखाली राहिला.

प्रश्न सगळीकडे तेच. नव्या विजेचा झटका मोठा बसतो का? जुन्या मोटरीत ठिणग्या का उडतात? नवी नुसतीच घुं घुं करते अन् फिरत नाही, तिला काय झालं? एकच प्रश्न दिवसात दहादा ऐकला, तरी आयुष्यात पहिल्यांदाच ऐकतोय असा चेहरा करून तो उत्तर द्यायचा. मी असते तर तिसऱ्या घरातच कुणाच्या तरी डोक्यात पाना घातला असता.

त्याची एकच चैन होती, ती म्हणजे यॉर्डिसचं गाणं. यॉर्डिस त्याची बायको. फितीबटणांच्या दुकानात काम करायची. उंच, ताठ आणि बोलायला थोडी तिरकस. नाताळाआधीचे चार रविवार आम्ही एकेक मेणबत्ती लावत जातो, त्यातल्या पहिल्या रविवारी दुपारी दरवर्षी ती आमच्या म्हाताऱ्या खलाशांसमोर गायची. खलाशीघरातला पियानो समुद्राच्या दमट हवेनं केव्हाच फुगून गेला होता. म्हणून सीग्वार्ड स्वतःच्या हातांनी जुळवलेला ग्रामोफोन घेऊन यायचा. तबकडीवर नुसता पियानो वाजायचा आणि यॉर्डिस त्यावर गायची. त्या गाण्याच्या शेवटच्या कडव्यात एक फार वरचा सूर होता. फाबियान पूर्वी जहाजावरच्या बँडमध्ये कर्णा वाजवायचा. तो सूर जवळ आला की तो डोळे मिटून घ्यायचा, आणि सूर लागला की, "अजून आहे बरं का बाईत," असं शेजाऱ्याला सांगायचा.

तर त्या दिवशी मोटर तपासून झाली, फाबियान आपल्या खोलीत गेला, आणि सीग्वार्ड हात धुऊन कॉफीला बसला. कपात साखर घालून बराच वेळ ढवळत राहिला.

"गुनवोरबाई, एक काम होतं. रविवारी मी एक पेटी आणणार आहे. पडद्यामागे ठेवीन. यॉर्डिसला तेवढं सांगू नका."

"कसली पेटी?"

"रविवारपर्यंत इथं नवी वीज आलेली असेल, तिची पुन्हा जुनी वीज करणारी. ग्रामोफोनपुरती."

मला हसू फुटलं. "अहो आलीन, साऱ्या गावाची जुनी वीज काढता आणि स्वतःची तेवढी पेटीत घालून ठेवता? ग्रामोफोनला नवी मोटर बसवा की सरळ."

तो हसला नाही. "नवी मोटर वीजघराच्या ठेक्यावर पाऊल टाकते. वीजघरानं ठरवला तोच तिचा वेग. जुनीचं तसं नसतं. वीज जरा कमी दिली की ती बिचारी निमूट हळू चालते. म्हणून मी ग्रामोफोनच्या खाली एक बटण बसवलंय. फिरवलं की वेग उतरतो."

"आणि वेग कशाला उतरवायचा?"

"वेग उतरला की सूरही उतरतो."

माझ्या डोक्यात प्रकाश पडायला थोडा वेळ लागला. मग तो खाली मान घालून सांगत गेला. काही वर्षांपूर्वी घरी सराव करताना यॉर्डिसचा वरचा सूर फाटला होता. गाण्याच्या दिवशी घालायचा निळा पोशाख तिनं ट्रंकेच्या तळाशी ठेवून दिला. त्याला ते बघवलं नाही. त्यानं ते बटण बसवलं, आणि पुढच्या सरावाला सूर लागला. पोशाख बाहेर आला. तेव्हापासून दरवर्षी तो बटण केसभर आणखी फिरवत आला होता.

"तिला काहीच कळलं नाही?"

"तिला वाटतं, कोमट दूध अन् मधाचा गुण आहे."

माझा नवरा जिवंत असताना मला आवडते म्हणून त्यानं कधी मासळीसुद्धा आणली नव्हती. मी म्हटलं, "आणा तुमची पेटी. मी काही बघितलं नाही."

पण दिलेला शब्द पोटात जिरतो न जिरतो तोच, दोन दिवसांनी, दुकान बंद करून यॉर्डिस आली. बरोबर हातगाडीवाला आणि गाडीत मोठं खोकं. आत नवाकोरा ग्रामोफोन, नव्या विजेवर चालणारा, चकचकीत, कुठं बोट ठेवायला जागा नाही असा.

"हातमोजे विणून साठवलेल्या पैशांतून घेतला," ती म्हणाली. "इथंच लपवून ठेवा. रविवारी सीग्वार्ड यायच्या आत टेबलावर मांडा. त्याला आत्ता सांगू नका."

"पण जुना चांगला चालतोय की," मी चाचरत म्हटलं.

"जुना फार थकलाय," ती म्हणाली, आणि माझ्याकडे रोखून बघत राहिली.

झालं! इकडे आड, तिकडे विहीर. त्याला सांगावं तर तिला दिलेला शब्द मोडतो, तिला सांगावं तर त्याचं गुपित फुटतं. गप्प बसावं तर भर सभेत, सगळ्या म्हाताऱ्यांसमोर, यॉर्डिसचा सूर फाटणार. शनिवारपर्यंत माझी झोप उडाली. शेवटी दुसरं काहीच सुचेना म्हणून मी गप्प बसले.

त्याच आठवड्यात आमची गल्ली नव्या विजेवर आली. दिवे एकदा मिचकावले, बस्स. म्हातारे तेवढ्यानंही निराश झाले. कुणाचा तरी पंखा उलटा फिरेल अशी त्यांना आशा होती.

रविवारी दुपारी सीग्वार्ड पेटी काखोटीला मारून आला. एका हातात जुना ग्रामोफोन. दिवाणखान्यात मेणबत्ती लावलेली, केशरी पाव मांडलेले, म्हातारे भांग पाडून बसलेले. आणि टेबलावर तो नवा ग्रामोफोन. शेजारी खोक्याची निळी फीत.

"हा कुणी आणला?"

"यॉर्डिसनं," मी म्हटलं. "तुम्हाला सांगायचं नव्हतं."

त्यानं यंत्र उचलून खालून बघितलं, चारी बाजूंनी बघितलं. "याला काहीच फिरवता येत नाही, गुनवोरबाई. हा आपल्या चालीनं जाणार. ती वर पोचायची नाही. सगळ्यांसमोर..." एकदम तो वळला आणि दिवाणखान्याबाहेरच्या बोळात गेला. मी मागोमाग. तिथं फ्यूजचा तक्ता होता. गावाला नवी वीज देणाऱ्या या माणसानं त्यातला एक फ्यूज फिरवून काढला. हिवाळ्यात आमच्याकडे दुपारीच काळोख पडतो; दिवाणखान्यात एक मेणबत्ती तेवढी उरली आणि आत म्हाताऱ्यांनी हुर्रे केलं.

"आलीन, अहो, हे काय पोरासारखं?"

"वीज गेली म्हणून सांगा. बिनसाथीची गाईल ती. जमेल त्या पट्टीत."

"सीग्वार्ड, फ्यूज परत लाव."

यॉर्डिस दारात उभी होती. अंगात ओव्हरकोट, केसांत बर्फाचे कण. कोटाखाली निळा पोशाख नव्हता, रोजचा करडा झगा होता.

"तार सैल वाटली मला," तो म्हणाला.

"तुझी तार कधी सैल नसते. लाव."

"आज नको, यॉर्डिस. त्या नव्या यंत्राचा वेग..."

"खरा आहे. दुकानदारानं सांगितलं, एवढाही हलत नाही म्हणून. त्यासाठीच तर घेतलं."

त्यानं फ्यूज मुठीत आवळला. मी तिथून निघायला हवं होतं, पण बोळ अरुंद होता आणि दारात ती होती.

"अरे, जन्मभर गातेय मी," ती म्हणाली. "माझं गाणं किती पायऱ्या खाली उतरलंय ते मला कळणार नाही? पहिल्याच वर्षी कळलं."

"मग बोलली का नाहीस?"

"तू त्या टेबलाशी वाकून बसायचास, हात खाली घालून. चेहऱ्यावर असा भाव, की जणू माझा घसा तूच धरून ठेवलायस. वाटायचं, जाऊ दे, आणखी एक वर्ष गाऊ. त्याच्यासाठी." तिनं मफलर सोडला. "पण तू सूर खाली आणतोस तेव्हा गाणं लांबतं, सीग्वार्ड. तबकडी हळू फिरली की सगळंच हळू होतं. तो वरचा सूर आता मला केवढा वेळ धरावा लागतो, माहीत आहे? मागच्या वर्षी डोळ्यांपुढं काजवे चमकले. टेबल धरलं म्हणून उभी राहिले. दम पुरत नाही रे मला."

साऱ्या गावाच्या शंका फेडणाऱ्या त्या माणसानं मुठीतल्या फ्यूजकडे बघितलं.

"हे माझ्या डोक्यातच आलं नाही," तो म्हणाला. "यायला पाहिजे होतं."

"तू सुराचा विचार करत होतास."

"यायला पाहिजे होतं, यॉर्डिस. वेग म्हणजे वेळ, हे मी दिवसभर लोकांना सांगतो."

"मला थांबायचं होतं. पण तुझ्या तोंडावर 'आता नाही गाणार' असं म्हणवेना. म्हटलं, यंत्रच सांगेल." तिनं त्याच्या मुठीवर हात ठेवला. "लाव आता. म्हातारे अंधारात पाव संपवतील."

मी भिंतीकडे तोंड करून उभी राहिले. त्यानं फ्यूज जागेवर फिरवून बसवला. मग दिवे आले.

दिवाणखान्यात यॉर्डिस यंत्रापाशी गेली. सगळे सावरून बसले. तिनं तबकडी लावली, सुई टेकवली, आणि मागे येऊन दुसऱ्या रांगेत सीग्वार्डच्या शेजारी खुर्ची ओढून बसली. म्हाताऱ्यांत कुजबुज झाली. "आजारी आहे का?" कुणीतरी विचारलं. फाबियाननं त्याला कोपरानं ढोसलं, "गप. ऐक."

पियानो सुरू झाला. लख्ख, चपळ, आम्ही कित्येक वर्षांत ऐकला नव्हता इतका उंच. कडव्यामागून कडवी निघून गेली. कुणी गायलं नाही. वरच्या सुराची जागा आली तेव्हा फाबियाननं डोळे मिटले. यॉर्डिस समोर बघत होती. सीग्वार्ड तिच्याकडे बघत होता. एक क्षण पियानो त्या उंचीवर एकटाच उभा राहिला, आणि खाली उतरला.

टाळ्या कुणासाठी वाजवायच्या ते कुणाला कळेना.

"इतक्यात संपलं?" सीग्वार्डनं हळूच विचारलं.

"एवढंच होतं ते," यॉर्डिस म्हणाली. मी आणून दिलेला कप तिनं दोन्ही हातांत धरला. गाण्याच्या दिवशी ती कधी गरम कॉफी प्यायली नव्हती. एक घोट घेऊन तिनं डोळे मिटले आणि दुसऱ्या कपाकडे बोट दाखवलं. "घे. निवेल."

त्यानं कप घेतला, पण प्यायला नाही. टेबलावर तबकडी अजून फिरत होती, सुई शेवटच्या रेघेत खरखरत होती. ती उचलायचं काम दरवर्षी त्याचं असायचं. आज तो उठला नाही, आणि आमच्यापैकीही कुणी उठलं नाही.