एक्सएलचा घागरा

सणसवाडीच्या कंपनीत साधनाचं काम एवढंच, की मशीनवरून उतरलेली पिन उचलायची, गेजच्या भोकात घालून बघायची, गेली तर हिरव्या ट्रेत आणि अडली तर लाल ट्रेत टाकायची. सहा वर्षं ती हेच करत होती. केसाएवढा फरक तिची बोटंच सांगत. तिच्या लाल ट्रेतली पिन परत तपासायच्या भानगडीत सुपरवायझरसुद्धा पडत नसे. अशा मुलीने स्वतःचंच माप सांगताना घोटाळा करावा, हे कुणाला पटणार नाही. पण केला खरा, आणि तोही साखरपुड्याच्या घागऱ्यात.

तिची बाजू घ्यायची तर दोष बाजाराचा. साधना अंगाने भरलेली. छाती चव्वेचाळीस इंच, हे तिने टेपने मोजलेलं. पण दुकानात कुणी इंच विचारत नाही, तिथे सगळा अक्षरांचा कारभार. शिरूरच्या दुकानातला थ्री एक्सएल तिच्या दंडात अडकायचा, पुण्याच्या मॉलमधला थ्री एक्सएल खांद्यावरून गळायचा, आणि मोबाइलवरून मागवलेला फाइव्ह एक्सएल डोक्यातून खाली उतरायलाच तयार नसायचा. ही अक्षरं कोण बसून ठरवतं देव जाणे. दुकानातल्या मुली आधी तिला वरपासून खालपर्यंत बघायच्या आणि घडीही न उलगडता सांगायच्या, तुमच्यात नाही येणार ताई. मग ती ओढण्या बघितल्यासारखं करायची आणि बाहेर पडायची.

गेल्या दिवाळीत मात्र एक नवल झालं. आत्येबहिणीने मागवलेला कुर्ता तिला घोळदार झाला म्हणून साधनाने सहज अंगात घालून बघितला, तर तो नुसता मावला नाही, छान बसला, आणि बहिणीने तो तिलाच देऊन टाकला. गळ्यामागच्या पट्टीवर लिहिलं होतं एक्सएल. नुसतं एक्सएल, पुढे आकडा नाही की मागे आकडा नाही. साधनाने ती पट्टी ब्लेडने हलकेच कापून काढली आणि पर्समध्ये कंपनीच्या ओळखपत्रामागे ठेवून दिली. कुणीतरी आपल्याला एकदा बरं म्हटल्याची चिठ्ठी जपावी, तशी तिने ती जपली.

फेब्रुवारीत पाटसचं स्थळ आलं. मुलाचं नाव बिरुदेव, पण घरीदारी सगळे पप्पूच म्हणायचे. साखर कारखान्यात कायम नोकरी, वर चार एकर ऊस. दोन्ही घरच्या आज्यापणज्यांनी मेंढरांमागे उभा जन्म काढलेला आणि आता दोन्ही घरं शेतीत स्थिरावलेली, त्यामुळे बोलणी लवकर उरकली. मुलीच्या अंगाविषयी पाहुणे एवढंच म्हणाले, की खात्यापित्या घरची दिसते. साधनाची आई धुरपदा ते वाक्य आठवडाभर घोळवत बसली. कौतुक होतं की टोमणा, याचा तिला शेवटपर्यंत उलगडा झाला नाही.

त्यांच्यात साखरपुड्याची साडी मुलाकडचे आणतात. मुलगी आपल्या घरच्या कपड्यांत पाटावर येते, तिची ओटी भरतात, साडी तिच्या हातात देतात, मग ती आत जाऊन तीच साडी नेसून बाहेर येते. अंगठी त्यानंतर. साडीचं एक बरं असतं, तिला माप नसतं. साधनाच्या काटकुळ्या कुशाआत्यालाही तीच पुरते आणि धुरपदालाही. पण पप्पूची धाकटी बहीण स्वप्नाली दौंडच्या कॉलेजात शिकणारी, चटपटीत पोरगी. आता साडी कोण नेसतं म्हणाली. दादाच्या कुर्त्याला जुळेल असा मोरपंखी घागरा तिने मोबाइलवर शोधून काढला. स्वतः शिकवण्या घेऊन मिळवलेल्या पैशांतून वहिनीला पहिली भेट देणार होती ती, मोठ्या हौसेने.

साधना पाळी संपवून कंपनीच्या बसमध्ये बसली होती, तेव्हा स्वप्नालीचा मेसेज आला. वैनी, साइज सांगा. साधनाने छाती चव्वेचाळीस असं लिहिलं आणि पुसलं. हा आकडा नणंद सासूला वाचून दाखवणार, सासू शेजारणीला सांगणार. मग थ्री एक्सएल लिहिलं आणि तेही पुसलं. शेवटी पर्समधली ती पट्टी काढून मांडीवर ठेवली आणि एक्सएल लिहून पाठवून दिलं. खोटं थोडंच होतं? पुरावा तिच्या मांडीवर होता. एकाच नगावरून अख्खा लॉट पास केला म्हणून गेल्याच महिन्यात तिने सविताला, लाइनवर नव्याने आलेल्या पोरीला, झापलं होतं. ते तिला त्या दिवशी आठवलं नाही.

साखरपुडा कोरेगाव भीमाच्या शिवारात, साधनाच्या घरापुढच्या मंडपात होता. दीडशे माणूस जमलं होतं. ओटी भरली, सासू पुतळाबाईंनी कुंकू लावून मोरपंखी घागऱ्याचा खोका साधनाच्या हातात दिला आणि ती आतल्या खोलीत गेली. बरोबर धुरपदा, कुशाआत्या आणि स्वप्नाली. घागऱ्याला कमरेला नाडी होती, तो बसला. ब्लाऊजही हातांतून चढला, खांद्यापर्यंत आला. पण पाठीची चेन चार बोटं वर सरकली आणि थांबली. वर वीतभर पाठ उघडीच राहिली.

साधनाने श्वास सोडून पोट आत घेतलं. धुरपदाने दोन्ही कडा धरून ओढल्या, कुशाआत्याने गुडघा टेकवून जोर लावला. चेन हलेना. स्वप्नालीने मान वाकवून गळ्यामागची पट्टी वाचली आणि तिचा चेहरा उतरला. तिथेही एक्सएलच लिहिलेलं होतं.

"वैनी, तुम्हीच तर एक्सएल सांगितला व्हता," ती म्हणाली. आवाजात राग नव्हता, भीती होती. बाहेर गेल्यावर सगळे तिलाच विचारणार होते.

साधनाने पर्स उघडली आणि दिवाळीत हाच बसला होता म्हणत जपून ठेवलेली पट्टी तिच्या तळहातावर ठेवली. दोन्ही पट्ट्यांवर तीच अक्षरं. स्वप्नालीने दोन्ही आळीपाळीने बघितल्या आणि अगदी भाबडेपणाने विचारलं, "मग तवापासनं तुम्ही वाढलाय का काय?"

साधनाला तोंडात मारल्यासारखं झालं. कंपनीत रोज सकाळी पिनांना हात लावायच्या आधी गेजच तपासतात. गेज चुकीचं असेल तर पिनेला नावं ठेवून काय उपयोग? हे तिला सांगायचं होतं, पण अर्ध्या उघड्या पाठीने उभ्या माणसाला कसला शहाणपणा सुचणार. स्वप्नालीने घाईघाईने मोबाइल काढला, बोट फिरवत राहिली आणि मग बारीक आवाजात म्हणाली, की याच्यापुढे साइजच नाही, हीच शेवटची. म्हणजे खरं माप कळवलं असतं तरी हा घागरा तिच्यासाठी शिवलेलाच नव्हता.

कुशाआत्याने तोवर ब्लेड शोधलं होतं. कडेची शिवण उसवून आतलं जादा कापड सोडलं, की ब्लाऊज दोन इंच वाढतो, हे तिने जन्मभर केलेलं. तिने बगलेखालची शिवण चार बोटं उसवली आणि कपाळाला हात लावला. आत जादा कापड दोऱ्याएवढंही नव्हतं. कापणाऱ्याने हिशेबात एकच अंग धरलं होतं आणि त्याच्या पलीकडे जगात कुणी असेल, अशी शंकाही त्याला आली नव्हती.

बाहेरून हाक आली, मुलीला आणा. साधना हळूच म्हणाली, की माझी जरीची साडी ट्रंकेत आहे, ती नेसते. त्यावर कुशाआत्याने तिला खांद्याला धरून खाली बसवलं.

"येडी का काय तू? त्यांचं कापड आत ठिवून आपलं नेसून भाईर गेलीस, म्हंजी त्यो नकार हुतो. भाईर बसलेला म्हातारा न् म्हातारा त्येच समजंल. सोयरीक मोडली म्हणून उठत्याल समदी."

धुरपदाने आशेने स्वप्नालीकडे पाहिलं. तुमच्याकडची एखादी साडी, ओटीतली, आहेरातली, काहीही? स्वप्नाली आता रडायच्या बेतात आली होती. "आई म्हणत व्हती, एक साडी बी घिऊ संगं. मीच नगं म्हणलं," ती म्हणाली. त्या खोलीत चार बायका होत्या, एकीचंही मन वाईट नव्हतं, आणि एकीलाही काही सुचत नव्हतं.

शेवटी ओढणी पाठीवर पसरून अकरा पिना लावल्या. धुरपदा पिना लावताना पुटपुटत होती, की मी सांगत होते, भात कमी खा. साधना ऐकत होती. तिला बाहेर जायचं होतं, अंगठी घालायची होती आणि परत आत यायचं होतं. एवढं निभावलं की झालं, असं तिने मनाशी धरलं.

ती पाठ भिंतीकडे ठेवून चालली आणि पाटावर ताठ बसली. फोटोवाला जरा वळा म्हणाला, ती वळली नाही. पप्पूने हळूच विचारलं, बरं वाटत नाही का, आणि तिने मान हलवली. त्याने तिच्या बोटात अंगठी घातली, तोवर सगळं ठीक होतं. मग तिची पाळी आली. पप्पू कुणाशी तरी बोलायला मागे झुकलेला, त्याचा हात धरायला तिला पुढे वाकावं लागलं, आणि कुशाआत्याने उसवलेली शिवण बगलेपासून कमरेपर्यंत टर्रकन गेली. पुढच्या रांगेतल्या बायका बोलायच्या थांबल्या. पप्पूने साधनाकडे नाही, आईकडे पाहिलं.

पुतळाबाई उठल्या. आहेराच्या ताटातली शाल घेतली, साधनाच्या अंगाभोवती नीट गुंडाळली आणि टोक तिच्या मुठीत दिलं. त्या हातांत राग नव्हता, आणि तेच साधनाला जड गेलं. राग असता तर तिला उत्तर देता आलं असतं. मग सगळ्यांना ऐकू जाईल अशा बेताने, पण मायेनेच, त्या म्हणाल्या, "आसूं दे, पोरी. लग्नाला चार म्हयनं हायेत आजून. ह्योच घागरा आपण हळदीला घालू. तवर बसंल तुझ्या अंगाला."

मंडपाचा जीव भांड्यात पडला. बायका माना डोलावू लागल्या, कुणी मेथीचं पाणी सांगितलं, कुणी सकाळचं चालणं. स्वप्नालीच्या चेहऱ्यावर रंग परतला, कारण घागरा चुकीचा ठरला नव्हता. धुरपदा हात जोडून म्हणाली, की मी बघते तिच्याकडं, तुम्ही काळजी करू नका. दीडशे माणसांत घागऱ्याला कुणी नाव ठेवलं नाही. मग पुतळाबाईंनी साधनाची हनुवटी वर करून विचारलं, करशील ना एवढं?

"व्हय," साधना म्हणाली. दुसरं काय म्हणणार होती?

रविवारी धुरपदाने उसवलेली शिवण शिंप्याकडून होती तशी शिवून आणली, होती त्याच मापाला. ब्लेड लागलेला कपडा मोबाइलवरची कंपनी परत घेत नव्हती, आणि घेतला असता तरी बदलून काय देणार होती? दुपारी घरात कुणी नसताना साधनाने टेप काढून दिवाळीचा कुर्ता आणि हा ब्लाऊज खाटेवर पसरून मोजले. कुर्ता बगलेतून साडेतेवीस इंच, ब्लाऊज साडेअठरा. त्याच अक्षरांखाली पाच इंचांचा फरक, तोही एकाच बाजूला. कंपनीत पिनेत याचा हजारावा हिस्सा फरक निघाला तर मशीन बंद करतात आणि साहेब धावत येतो. तिने सवयीने दोन्ही आकडे कागदावर लिहिले, खाली सही केली, तारीख घातली. मग तो कागद कुणाकडे द्यायचा हे तिला कळेना. तिने तो घडी करून पर्समध्ये, ती पट्टी होती तिथे ठेवला.

संध्याकाळी धुरपदाने घागरा स्वयंपाकघराच्या दारामागे खिळ्याला लावला. येताजाता दिसला पाहिजे म्हणाली, म्हणजे ध्यानात राहतं.

सोमवारी साधना कामावर गेली. सकाळी नेहमीप्रमाणे गेज तपासलं, वहीत बरोबर असल्याची खूण केली आणि जेवणाच्या सुट्टीपर्यंत पिना घालून बघत राहिली. नेहमीसारख्याच काही गेल्या, काही अडल्या. सुट्टीत सविताशेजारी बसून तिने डबा उघडला. रोजच्या तीन भाकरींच्या जागी अर्धी भाकरी होती, काकडीच्या चार फोडी आणि लिंबू. धुरपदाने अर्धी भाकरी कापतानासुद्धा कड सरळ ठेवली होती.

सविताने डब्यात डोकावून विचारलं, "आज उपास हाय व्हय, ताई?"

"न्हाई गं," साधना म्हणाली. "लगीन हाय."

आणि तिने अर्ध्या भाकरीचे दोन तुकडे केले, एक आत्ता खायला आणि एक चारच्या चहाला.