वाढलेला साबण

मी साबण बोलतोय. जरा सावकाश बोलतोय, कारण माझा निम्मा जन्म ओल्या डबीत डुलक्या काढण्यात गेलाय. पाण्याचा आवाज आला, वाफ आली की मी जागा होतो, कुणाच्या तरी हातात फिरून येतो आणि पुन्हा पेंगतो. मला स्वप्नं पडतात तीसुद्धा फेसाची.

माझा जन्म कारखान्यात झाला म्हणतात. मला तो आठवत नाही, आणि नेमका कुठला जन्म आठवायचा तेही कळत नाही. कारण या घरात वडी झिजून नखाएवढी झाली तरी घरच्या बाई, म्हणजे आताच्या सासूबाई, ती फेकत नाहीत. नवी वडी ओली करतात, जुना तुकडा तिच्यावर ठेवतात, अंगठ्याने दाबतात आणि सगळ्यांना बजावतात, "आज कुणी हात लावायचा नाही." संध्याकाळपर्यंत आम्ही एकजीव होतो. त्या नव्या नवरी म्हणून आल्या त्या दिवशीच्या वडीचा कण माझ्यात उरलाय की नाही, कोण जाणे. मला मात्र त्यांचे तेव्हाचे मऊ हात आठवतात. त्यांचे यजमान, म्हणजे आताचे सासरे, लेथवर काम करून काळे तेलकट हात घेऊन यायचे, ते आठवतात. मुलाचे कान आठवतात. त्यांच्यामागे घासायला घेतलं की तो घर डोक्यावर घ्यायचा.

बाथरूमच्या भिंतीपलीकडे स्वयंपाकघर आहे. अर्धवट झोपेत मी दिवसभर तिकडचं ऐकत असतो. दुधाची पिशवी विसळून ते पाणी चहात जातं. गॅस आधीच बंद होतो, उरलेलं वाफेवर शिजतं. टूथपेस्टची ट्यूब शेवटी कात्रीने उभी कापून आतून पुसून घेतली जाते. जुन्या शर्टाची बटणं डब्यात, कापड फरशी पुसायला. शेजारपाजारचे चिक्कू म्हणायचे. मला कधी तसं वाटलं नाही. कोंड्याचा मांडा करणारी बाई ती, आणि करताना गुणगुणायची.

त्यांच्या तोंडून 'संपलं' हा शब्द मी कधी ऐकला नाही. घरात संपलं म्हणू नये, असं त्यांच्या आईने शिकवलेलं. बांगडी फुटली की वाढली म्हणतात ना, तसं यांच्याकडे सगळंच वाढायचं. तेल वाढलं, मीठ वाढलं, काडेपेटी वाढली. सासरे म्हणायचे, "माझा पगार कारखान्यात वाढत नाही, घरी आणला की लगेच वाढतो."

मग मुलाचं लग्न झालं आणि सूनबाई आली. सढळ हाताची मुलगी. तिच्या हातात मला असा फेस यायचा की आपण तरंगतोय, खाली जमीनच नाही, असं वाटायचं. एका सकाळी ती तोंड धूत होती आणि मी अगदी पाकळीएवढा उरलो होतो. दाराबाहेरून सासूबाई म्हणाल्या, "अगं, साबण वाढलाय बरं का, बेताने घे."

तिचा हात थांबला. तिच्या माहेरी संपलं की सरळ संपलं म्हणत. तिने ऐकलं ते असं, की तू आल्यापासून साबणाचा खर्च वाढलाय. मला ओरडून सांगावंसं वाटलं, पण साबणाच्या तोंडून निघून निघून काय निघणार, बुडबुडा.

दुसऱ्या दिवसापासून तिने मला हात लावला नाही. टॉवेलात गुंडाळून स्वतःचा साबण आणायची, गुलाबी, वासाचा. अंघोळ झाली की ओलाच पिशवीत टाकायची. एकदा बेसिनपाशी नळ सोडून ती नवऱ्याला हळूच म्हणाली, "माझा साबण मोजतात तुझ्या आई." शब्द काय होते ते तिने सांगितलं नाही, अर्थ सांगितला. नाहीतर त्याला तिथेच उलगडा झाला असता. तो बिचारा इकडे आड तिकडे विहीर अशा अवस्थेत. शेवटी दोघांनी बसस्थानकापलीकडे एक खोली बघून ठेवली. सासूबाईंना याचा पत्ता नव्हता.

त्यांना एवढंच दिसत होतं की सून बोलेनाशी झालीय आणि साबण झिजत नाहीये. घरात एक माणूस वाढूनही साबण झिजत नाही, हे त्यांच्या नजरेतून कसं सुटेल? त्या मला उलटसुलट करून बघायच्या आणि परत ठेवायच्या. मला फार वाईट वाटायचं.

एका रविवारी भिंतीपलीकडून आवाज आला. "साखर वाढलीय, आज चहा असाच घ्या सगळ्यांनी."

डब्याचं झाकण उघडल्याचं मी ऐकलं. मग सूनबाई म्हणाली, "आई, यात तर दाणाही नाही."

"तेच सांगतेय. वाढलीय."

"म्हणजे संपलीय?"

"तसं म्हणू नये गं."

चहा उकळत होता, आणि डब्याचं झाकण सावकाश परत लागलं.

"आणि त्या दिवशी साबण वाढलाय म्हणालात?"

"तोही तसाच. जरासा राहिला होता. म्हटलं आज पुरवून घे, दुपारी नवा जोडते. का गं?"

सूनबाई रडायला लागली, मग हसायला लागली, मग दोन्ही एकदम. पिशवीतला गुलाबी साबण आणून तिने सासूबाईंच्या हातावर ठेवला आणि सगळं सांगितलं.

"इतके दिवस हा ओला पिशवीत ठेवलास? बघ किती विरघळलाय," त्या म्हणाल्या. "विचारायचं होतंस मला." हे काही त्या साबणासाठी म्हणाल्या नव्हत्या.

मग तिने खोलीचंही सांगून टाकलं. "तेव्हा रागाने बघितली होती. आता राग नाही, आई. पण मला एकदा माझं घर मांडून बघायचंय."

सासूबाईंनी आधी गॅस बंद केला. "बघ मांडून," त्या म्हणाल्या. "भांडून गेली असतीस तर जिवाला लागलं असतं."

जायच्या दिवशी त्यांनी मला ओट्यावर ठेवलं आणि शिवणाच्या दोऱ्याने मधोमध कापलं. सासरे कुरकुरले, "अगं, नवा दे की एक. शोभतं का हे?"

"नवा काय, दुकानात मिळेल तिला," सासूबाई म्हणाल्या. सूनबाईने अर्धा मी रुमालात गुंडाळला आणि पर्समध्ये नीट, सरळ ठेवला.

तेव्हापासून मी दोन घरांत झोपतो. कधी स्वप्नात गुलाबी वास येतो, बसचे भोंगे ऐकू येतात, सढळ फेस येतो, आणि जाग येते ती इथल्या डबीत. इथे आता मी फार हळू झिजतो.

एक सांगतो, पण कुणाला बोलू नका. दुपारी सासरे झोपले की सासूबाई हात धुवायला येतात. मला हातात घेतात, नळ सोडतात आणि उभ्या राहतात. हात केव्हाच स्वच्छ झालेले असतात. जिन्यावर पाऊल वाजलं की मान वळवून ऐकतात, ते पाऊल वरच्या मजल्यावर निघून जातं. नळ चालूच असतो. ज्या बाईने उभ्या जन्मात वाटीभर पाणी वाया घालवलं नाही, ती बादलीभर पाणी जाऊ देते आणि तिला कळतही नाही. कधी तुम्ही त्या घरी गेलात आणि हे दिसलं, तर मेहरबानी करा, नळ बंद करायला हात पुढे करू नका.