चासीवर मतदान

अमेरिकेतल्या ईडन प्रेरी गावच्या त्या गॅरेजात तीन इंजिनिअर चहाचे मग धरून उभे होते आणि तिघांपैकी एकाचाही गुडघा जमिनीला लागला नव्हता. सुवर्णा स्वयंपाकघराच्या दारातून हे बघत होती. तिच्या नवऱ्याने, संग्रामने, पाच महिन्यांपूर्वी पंचेचाळीस वर्षं जुनी जीप घेतली होती. कालच मेकॅनिकने सांगितलं, चासी, म्हणजे खालचा सगळा लोखंडी सांगाडा, मागच्या बाजूने गंजलाय. दुरुस्त करायची की भंगारात द्यायची, हे ठरवायला संग्रामने प्रसाद आणि अवधूतला बोलावलं होतं. दोघे त्याच्यासारखेच सॉफ्टवेअरवाले. लोखंडाशी त्यांचा संबंध पोळीच्या तव्यापुरता, तोही खाणाऱ्याच्या बाजूने.

प्रसादचं म्हणणं, वरून पट्ट्या वेल्ड करू. त्याने तीन व्हिडिओ पाहिले होते. अवधूतने एकच पाहिला होता, पण शेवटपर्यंत, त्यामुळे त्याचा आवाज जास्त चढलेला. त्याच्या मते गंज घासून रंग फासला की झालं. उचलली जीभ, लावली टाळ्याला. संग्राम दोघांनाही मान डोलावत होता. त्याला जीप ठेव असं कुणीतरी म्हणायला हवं होतं, एवढंच.

सुवर्णा चौदा वर्षं पुलांची तपासणी करत होती. मिनेसोटात हिवाळाभर रस्त्यांवर मीठ टाकतात आणि ते मीठ लोखंडाचं काय करतं, हे तिने हातोडीचे ठोके मारून ऐकलं होतं. पण तिला विचारतो कोण? जीप घरी आली त्या दिवशी, पूजेला जमलेल्या सगळ्यांसमोर संग्राम म्हणाला होता, "सुवर्णाला गाड्यांतलं काही कळत नाही यार, तिला फक्त मायलेज माहीत." सगळे हसले. मग चाकाखाली लिंबू ठेवायला तीच वाकली आणि तिला खालचा ताजा काळा रंग दिसला, रंगाखाली फुगलेले पापुद्रे दिसले. वरून कीर्तन, आतून तमाशा. ती उठली, हात झटकले आणि पेढे वाटायला लागली. विचारतील तेव्हा सांगू. जीप काय, गॅरेजातच तर उभी असते. पाच महिने ती वाट बघत होती आणि त्यात तिला मजा येत होती, हे ती स्वतःपासून लपवतही नव्हती.

गॅरेजात आता मतदान सुरू झालं. सोळा वर्षांच्या शिवांगीलाही बापाने हात वर करायला सांगितलं. हात वर करून लोखंडाची ताकद ठरवणारे हे दीडशहाणे पाहून सुवर्णाचा संयम संपला. तिने आपल्या गाडीतून कामाची हातोडी आणली, चटई अंथरली आणि जीपखाली सरकली. पहिला ठोका ठणकन वाजला. दुसरा बद्द. तिसऱ्याला हातोडीचं तोंड सरळ आत गेलं आणि तांबडा चुरा तिच्या गालावर सांडला.

बाहेर येऊन तिने मूठभर चुरा बिस्किटांच्या ताटलीत ठेवला. "पट्ट्या वेल्ड करा. पण कशावर करणार? खाली लोखंड तर हवं."

संग्रामचा चेहरा उतरला. "हे इतकं असेल, हे कुणाला कळणार होतं?"

"मला," सुवर्णा म्हणाली. तो शब्द किती गोड लागला तिला. "पूजेच्या दिवशीच कळलं होतं."

तिने त्यांचे पडलेले चेहरे एकेक करून पाहिले. प्रसाद बिस्किटांकडे बघत होता, अवधूत फोनकडे. शेवटी नजर शिवांगीवर आली. मुलगी पांढरीफटक पडली होती.

"लास्ट संडेला बाबांनी मला ड्राइव्ह करायला दिली," ती म्हणाली. "हायवेवर. आपली छोटी अनन्या मागे बसली होती."

"मी शेजारी होतो," संग्राम हळूच म्हणाला. "तू साइटवर होतीस. तुला सरप्राइज द्यायचं होतं."

वेगात असताना चासी कुठे मोडली असती, हे सुवर्णाला तपासायची गरज नव्हती. बरोबर मागच्या सीटखाली.

"मला सांगायचं तरी," ती कशीबशी म्हणाली.

"तुला माहीत होतं," शिवांगी म्हणाली. "फाइव्ह मंथ्स, आई. यू न्यू."

ती ओरडली नाही, रडलीही नाही. सुवर्णा मघापासून त्या तिघांकडे ज्या नजरेने बघत होती, त्याच नजरेने तिने आईकडे पाहिलं आणि बापाच्या शेजारी जाऊन उभी राहिली.