साहेबांचं लायसन्स गेलं

आमच्या कंपनीत विक्रीचे आणि साठ्याचे आलेख दाखवणारं एक सॉफ्टवेअर आहे. लायसन्स असेल त्यालाच ते उघडतं, आणि लायसन्सं मोजकीच. ती वाटायचं काम माझ्या गळ्यात. एकाचं काढून दुसऱ्याला दिलं, की पहिला बोंबलत हजर, "ताई, माझं कुठे गेलं?" अरे बाबा, इतके दिवस तू त्याकडे ढुंकून तरी पाहिलंस का?

धाकट्या बहिणीच्या पहिल्या बाळंतपणात मी दवाखान्याच्या जिन्यात लॅपटॉप मांडून लायसन्सच वाटत बसले होते. भाचीला आत सगळ्यांनी घेतलं, आणि सख्खी मावशी जिन्यात! फार लागलं होतं ते मनाला. आता दुसऱ्या खेपेला बहिणीने सरळ दमच दिला, "लॅपटॉप आणणार असशील तर येऊच नकोस."

सुटी मागितली तर साहेब म्हणाले, "तुमच्यावाचून अडणार नसेल तर खुशाल जा."

असं का? मीही पेटले. सॉफ्टवेअरला नियमच घालून दिला. महिनाभर ज्याने ते उघडलं नाही, त्याचं लायसन्स आपोआप काढायचं, रांगेतल्या पुढच्याला द्यायचं आणि तसा निरोप धाडायचा. वशिला नाही, रडारड नाही. काम इतकं सुरळीत चाललं की माझ्या टेबलाकडे कुणी फिरकेना.

सुटीच्या आदल्या दिवशी मीटिंगच्या खोलीतून साहेबांची हाक आली. आत कंपनीच्या संचालक बाई बसलेल्या, आणि भिंतीवरच्या पडद्यावर हे भलंमोठं: 'आपण महिनाभर हे सॉफ्टवेअर वापरलेलं नाही. आपलं लायसन्स गोदाम विभागाला दिलं आहे. धन्यवाद.'

"अहो, मी रोज आलेख बघतो!" साहेब लालबुंद.

बघतात, खोटं कशाला बोलू? पण कसे? रोज सकाळी चहाचा कप घेऊन हिशेबनीस बाईंच्या खुर्चीमागे उभे राहतात आणि मान वाकडी करून त्यांच्या स्क्रीनवर बघतात. स्वतःच्या कॉम्प्युटरवर उघडायचा कंटाळा! खुर्चीमागे कोण उभं आहे, ते माझ्या नियमाला काय कळणार?

झालं, बोंबलली सुटी.

"एखादं रिकामं असेल ना?" साहेबांनी विचारलं.

"एकही नाही," मी म्हटलं. गोदामाचं परत घ्यावं, तर ते लोक सकाळपासून त्यावर माल बघत होते. मग एकदम आठवलं, एक माझ्याकडेही आहे की! मी ते रोज उघडायचे, पण ते इतरांचं नीट चालतंय का हे तपासायला. स्वतःसाठी एक आलेख कधी पाहिला नव्हता. तिथल्या तिथे माझं काढलं आणि साहेबांना दिलं.

पडद्यावर आलेख उमटले. संचालक बाई खो खो हसत म्हणाल्या, "हिने तर तुमचाही मुलाहिजा ठेवला नाही!"

साहेबांनाही हसू आवरेना. मला दारापर्यंत सोडायला आले आणि हळूच म्हणाले, "पण अडलंनडलं तर फोन करू ना?"

"करा की. पण साहेब, आता मलाच काही दिसत नाही."

साहेब हात जोडून म्हणाले, "जा बाई, सुखाने जा!"

दवाखान्याचा जिना मी न थांबता चढले. बहिणीने आधी माझ्या खांद्याकडे पाहिलं. बॅग नव्हती.

मग तिने भाच्याला सगळ्यांच्या आधी माझ्या हातात दिलं.