कोरडी फरशी

आमच्या घरात बाईसाहेब एकच, आणि त्या शेडमध्ये उभ्या असतात. फिकट निळा रंग, गोल दिवे, आणि दार लावायला दोन्ही हात लागतात. सासरे, म्हणजे अण्णा, या गाडीला कधी एकेरीत हाक मारत नाहीत. मला मात्र 'अगं ए' म्हणतात. मी लग्न होऊन आले तेव्हा त्यांनी माझी ओळख आधी गाडीशी करून दिली आणि मग नणंदेशी. "एवढं वय झालंय, पण खाली थेंब नाही," ते म्हणाले होते. घरी कुणीही आलं की चहाच्या आधी त्याला शेडमध्ये नेऊन बाईसाहेबांखालची पांढरी फरशी दाखवायची, हा ठरलेला कार्यक्रम. अण्णांची सगळी नोकरी वजनकाटे तपासण्यात गेली. काटा केसभर हलला तरी ते त्यावर शिक्का मारत नसत. त्यामुळे अण्णा थेंब नाही म्हणाले की थेंब नाही, विषय संपला.

तर त्या फरशीवर थेंब पडले, आणि ते माझ्यामुळे पडले असं ठरलं.

मी घरोघरी जाऊन फिजिओथेरपी करते. पेशंट गावाबाहेरच्या वस्त्यांवर पसरलेले, सोबत जड मशीन, त्यामुळे गाडीवाचून माझं पान हलत नाही. एका कच्च्या रस्त्यावर दगड दिसला नाही आणि गाडीच्या पोटाखाली खाडकन आवाज झाला. घरी येऊन ते मीच सांगितलं. कुणी विचारलं नव्हतं, पण माझी जीभ गप्प बसेल तर ना! दुसऱ्या दिवशी सकाळी अण्णा चहाचा कप घेऊन शेडमध्ये गेले आणि तिथूनच ओरडले. पुढच्या चाकांच्या मधे काळपट तेलाचे डाग होते.

"चेंबर फोडलास," ते म्हणाले. इंजिनाच्या तळाशी तेलाचं भांडं असतं, त्याला गॅरेजवाले चेंबर म्हणतात. गाडीची चावी खुंटीवरून निघाली ती त्यांच्या शर्टाच्या खिशात गेली.

नवऱ्याला म्हटलं, अण्णांशी काहीतरी बोल. तो म्हणाला, "मी मधे पडत नाही." हे त्याचं लहानपणापासूनचं धोरण आहे. सासूबाई असत्या तर त्यांनी काही मार्ग काढला असता, पण नणंदेचा पाय प्लॅस्टरमध्ये होता म्हणून त्या त्याच आठवड्यात तिच्याकडे गेल्या होत्या.

मी खांद्यावर मशीन घेऊन बस बदलत हिंडू लागले. जिथे बस जात नाही तिथले पेशंट सुटले. त्यातले एक मास्तर होते, अर्धांगवायू झालेले. पलंगाची कड धरून नुकते उभे राहायला लागले होते. त्यांच्या सुनेचा फोन आला की मी आवाज बंद करून फोन उशीखाली ठेवायची, कारण काय सांगणार? त्यात अण्णा भाजीवाल्यापासून पोस्टमनपर्यंत सगळ्यांना सांगत होते, "सुनेनं चेंबर फोडला." चावी गेली त्यापेक्षा हे जास्त लागत होतं.

शेवटी मी गॅरेजमधल्या मिस्त्रीला फोन लावला. तो म्हणाला, "ताई, थेंब पडतो तिथे गळत नसतं. तेल वरून कुठून तरी निघतं, उतार बघत खाली येतं आणि मग पडतं. आधी सगळं धुऊन कोरडं करा. वर पावडर मारा, अंगाला लावायची चालेल. मग इंजिन चालू ठेवा. पावडर कुठे भिजते ते बघा, खालून वर बघत जा."

"आणि चेंबरच फुटला असेल तर?"

"तर मग माझ्याकडे आणा. आणि अण्णांची बोलणी तुम्ही खा."

रविवारी नवऱ्याने पुढची चाकं लाकडी ठोकळ्यांवर चढवून दिली आणि तो पेपर वाचायला गेला. मी पोतं अंथरून खाली सरकले. अण्णा टॉर्च धरून उभे. मदतीला नव्हे, पहाऱ्याला.

पहिल्यांदा दिसला तो चेंबरवरचा ओरखडा. बोटभर लांब, ताजा, चकचकीत. इतके दिवस मी तावातावाने भांडत होते, पण आतून मलाही खात्री नव्हती.

"दिसलं ना?" अण्णा वरून म्हणाले.

"ओरखडा आहे. भोक नाही."

"भोक डोळ्यांना दिसतंच असं नाही."

मग इंजिनाच्या मागच्या बाजूला हात गेला. तिथे तेल आणि धूळ मिळून झालेला थर होता, कोळशासारखा टणक. स्क्रू-ड्रायव्हरने खरवडला तेव्हा एक खपली निघाली. मी ती अण्णांच्या हातावर ठेवली. त्यांनी ती मोडली, चिमटीत चुरली, चष्मा वर करून डोळ्यांजवळ नेली. आयुष्यभर काट्यांच्या पारड्यांखालचा मळ बघितलेला माणूस. त्याला थराचं वय वेगळं सांगायला लागत नाही.

"हे आत्ताचं नाही," ते हळूच म्हणाले.

मी रॉकेलने सगळं धुतलं, पुसलं, आणि पावडरचा अख्खा डबा रिकामा केला. अण्णांनी खिशातल्या चावीनं इंजिन चालू केलं आणि आम्ही दोघं शेजारी-शेजारी, एकमेकांकडे न बघता बसलो. चेंबर पांढराच राहिला, ओरखड्यासकट. थोड्या वेळाने मागच्या बाजूला पावडरीत एक ओली रेघ उमटली. तिचा माग काढत मी वर गेले, बॉनेट उघडून आत वाकले, आणि रेघ जिथून निघत होती तिथे बोट ठेवलं. इंजिनाच्या माथ्यावरच्या झाकणाखाली कॉर्कची पट्टी असते, पॅकिंग म्हणतात तिला. तीच मागच्या कोपऱ्यात कडक होऊन तडकली होती.

"दगड काय उडी मारून इथे वर आला?" मी म्हटलं.

मला वाटलं, चावी आत्ता हातात पडेल. अण्णांनी आधी वाकून ते पॅकिंग बघितलं. मग फरशीकडे बघू लागले.

"गळती जुनी असेल, तर फरशी कोरडी कशी होती? मी रोज सकाळी बघतो. रोज! थेंब पडले ते तू आदळल्यानंतर. तुझ्या दणक्यानंच ते पॅकिंग उललं असणार."

"आणि हा थर?"

"तो असेल कसला तरी. तेल मी घालतो वरून कधीमधी, जुनी गाडी पितेच थोडं. पण फरशी खोटं बोलत नाही." ते आत निघून गेले. मी पाना फेकला. कुणाला लागणार नाही अशा बेताने, पण फेकला.

त्याच आठवड्यात आई आल्या. आई म्हणजे सासूबाई. जेवताना अण्णांनी दगडापासून पॅकिंगपर्यंत सगळी कथा त्यांना ऐकवली आणि शेवट केला, "तर तुझ्या सुनेनं हे असं केलंय." आईंचा घास हातातच राहिला. त्यांनीही बाजू घेतली नाही याचं मला फार वाईट वाटलं. जेवणानंतर मी नेहमीप्रमाणे त्यांचा गुडघा तपासला. वर्षभर माझ्या कुठल्याही व्यायामाला न जुमानणारी सूज चक्क उतरली होती.

"तिकडे काय केलंत एवढं?"

"काही नाही गं. काही करूच दिलं नाही लेकीनं," त्या म्हणाल्या आणि पदर सारखा करून झोपायला गेल्या.

सकाळी लवकर जाग आली तेव्हा शेडमध्ये दिवा दिसला. जाऊन बघते तर आई पुढच्या चाकाशी उकिडव्या बसलेल्या, शेजारी सोड्याच्या पाण्याचा मग, आणि हात गाडीखाली घालून फरशी घासतायत.

"आई! गुडघा!" माझ्या तोंडून आधी हेच निघालं. "उकिडवं बसायचं नाही म्हणून वर्षभर कानीकपाळी ओरडतेय, आणि तुम्ही शपथेवर सांगत होतात की..." आणि मग बाकीचं सगळं माझ्या ध्यानात आलं. "किती दिवस चाललंय हे?"

"दिवस कसले. तू यायच्या आधीपासून."

"आणि मी मशीन खांद्यावर घेऊन वणवण फिरतेय! जगभर माझी बदनामी चाललीय!"

"मला काल रात्री कळलं गं. तुझ्यावर हा आळ राहू देणार नव्हते मी. कसं सांगू, एवढंच सुचत नव्हतं." त्यांनी फडकं पिळलं. "ते रिटायर झाले त्या वर्षी पहिला डाग पडला. माणूस नुसता खुर्चीत बसून असायचा. सकाळी उठून एकदा इथे यायचे, थेंब नाही म्हणायचे, की मग दिवस बरा जायचा. म्हटलं, आजचा डाग पुसून टाकू. तर दुसऱ्या दिवशीही पडला."

मला राग आला होता आणि रडूही येत होतं. दोन्ही एकदम मला झेपत नाही.

दारात अण्णा उभे होते, हातात चहाचा कप. कधीपासून, कुणास ठाऊक. आई उठल्या नाहीत. बसल्या बसल्याच त्यांनी मान वर केली.

"अहो, गाडी गळते," त्या म्हणाल्या. "कित्येक वर्षं गळते. मी पुसत होते. पोरीचा काही दोष नाही."

अण्णांनी कप बॉनेटवर ठेवला. बाईसाहेबांवर त्यांनी कधी साधं फडकंही ठेवू दिलं नव्हतं.

"मी लोकांना आणून आणून दाखवत होतो."

"हो."

"तू मागे उभी असायचीस."

"चहा घेऊन."

अण्णांनी खिशातून चावी काढली आणि माझ्या हातात दिली. "तू काही फोडलं नव्हतंस. मी सांगत सुटलो सगळ्यांना. चुकलं माझं. भाजीवाल्यालाही सांगेन, पोस्टमनलाही सांगेन," ते म्हणाले. मग बंपर धरून, कण्हत, ते आईंच्या शेजारी फरशीवर बसले. गाडीखाली वाकून त्यांनी डाग नीट बघितला आणि आईंच्या हातातलं फडकं घेऊन घासायला लागले. डाग आणखी पसरला.

"सोडा किती घालतेस?"

"अंदाजानं."

"अंदाजानं," अण्णा म्हणाले.

"आणि लगेच घासायचं नसतं," आई म्हणाल्या. "थोडा वेळ मुरू द्यायचं."

अण्णांनी हात थांबवला. मास्तरांच्या सुनेला मी फोन करून सांगितलं, येतेय, पण थोडा उशीर होईल. पुढच्या चाकाला टेकून ती दोघं डाग सुटायची वाट बघत बसली होती, आणि चावी हातात असूनही मला गाडी काढता येत नव्हती.