सतरा रात्री

गोष्ट एका रात्रीत घडते, असं दिग्दर्शकाचं म्हणणं होतं. ताईंच्या मते तिला सतरा रात्री लागत होत्या. संकलनाच्या खोलीत सकाळपासून हाच वाद चालला होता. पडद्यावर एका मुलीला कोणीतरी पळवून तळघरात डांबलं होतं, आणि वादाचा निकाल लागेपर्यंत ती बिचारी काही सुटणार नव्हती.

ताईंचं काम सातत्य सांभाळण्याचं. आधीच्या शॉटमध्ये पेल्यात जितकं पाणी, तितकंच पुढच्या शॉटमध्ये. मधे दोन महिने गेले असले तरी. बावीस वर्षांत त्यांच्या वहीतून शर्टाचं एक बटणही निसटलं नव्हतं. गोष्टीत किती वेळ जातो तेही त्याच लिहून ठेवत, आणि या वहीच्या पहिल्या पानावर त्यांच्याच अक्षरात ‘एक रात्र’ असं लिहिलेलं होतं.

चित्रीकरण मात्र पाच महिने रखडलं. मुलीचा शोध घेणाऱ्या म्हाताऱ्या पोलिसाचं काम आबा करत होते, आणि त्या पाच महिन्यांत आजाराने आबा निम्मे झाले. शर्ट ढगळ झाला की ताई मागून चिमटे लावायच्या आणि वहीत ‘शर्ट तोच’ असं लिहायच्या. वहीत शर्टाला रकाना होता, मिशीला होता, घड्याळाला होता. चेहऱ्याला नव्हता. आता पडद्यावर एक धिप्पाड माणूस दार उघडत होता आणि खोलीत शिरत होता तो भलताच कोणी.

“शेवटचे चार प्रसंग आबांच्या हाताखालच्या पोलिसाला देऊ,” दिग्दर्शक म्हणाला. “आबांना मधेच गोळी लागते असं दाखवू.”

“त्यांचं शेवटचं काम आहे हे.”

“मला कळत नाही का, ताई? पण लोक हसतील.”

“सतरा दिवस धरा. कोणी हसणार नाही.”

“सतरा दिवस ती मुलगी खाते काय?”

“बिस्किटं. दुसऱ्या प्रसंगात पुडा दिसतो.”

“एक पुडा!”

“फॅमिली पॅक आहे,” संकलक म्हणाला. त्याला जेवायला जायचं होतं.

“अहो, सगळे प्रसंग रात्रीचे आहेत.”

“मग? सतरा दिवसांत सतरा रात्री असतात.”

दिग्दर्शक त्यांच्याकडे बघत राहिला. पेल्यातल्या पाण्यासाठी अख्खं युनिट खोळंबवून ठेवणारी ही बाई आज धडधडीत खोटं बोलत होती, आणि सवय नसल्यामुळे फार वाईट बोलत होती.

“एक वाक्य घालू,” तो शेवटी म्हणाला. “आबांच्याच आवाजात. त्यांना जमलं तर.”

चार दिवसांनी आबा डबिंगला आले. काचेपलीकडच्या स्टुलावर त्यांना बसवून ताईंनी कागद पुढे ठेवला. ‘सतरा दिवस झाले. पोरगी जिवंत आहे.’

“एका रात्रीची गोष्ट होती ना गं?”

“वाढवली.”

आबांना समजलं. “चिमटे लावताना कधी बोलली नाहीस.”

“चुकलं माझं, आबा. तेव्हाच सांगायला हवं होतं.”

“सांगितलं असतंस तर तेव्हाच घरी पाठवलं असतं मला.” त्यांनी कागद डोळ्यांजवळ नेला. “सतराच का?”

“त्याहून जास्त मुलगी तगत नाही.”

“बरेच दिलेस. डॉक्टरांचा हात इतका सैल नाही.”

लाल दिवा लागला. आबा वाक्य खणखणीत बोलले. रेकॉर्डिस्टने अंगठा दाखवला, पण आबांनीच मान हलवली. “छे, पुन्हा. सतरा दिवस न झोपलेला माणूस इतका ओरडेल का?”

दुसऱ्यांदा ते इतकं हळू बोलले की रेकॉर्डिस्ट पुढे झुकला. काम झालं होतं, पण आबा स्टुलावरून उठले नाहीत.

“अजून आहेत का वाक्यं?” त्यांनी विचारलं.

दिग्दर्शकाने ताईंकडे पाहिलं. एकही नव्हतं.

“असतील तर घेऊन टाका,” तो म्हणाला.

“आहेत की,” ताई म्हणाल्या, आणि कागद उलटा करून लिहायला बसल्या.